पंच, बंकर आणि समालोचक: रग्बी लीगच्या भांडणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनीच्या पश्चिम भागात, पॅरामॅटा आणि हॅरिस पार्कच्या आसपास, मराठी घरं आता बरीच झाली आहेत. मार्च उजाडला की शेजारचे लोक निळ्या-पिवळ्या जर्सीत दिसू लागतात, ऑफिसात सोमवारी सकाळी क्रिकेटऐवजी दुसऱ्याच कुठल्या पंचाचा उद्धार चाललेला असतो, आणि नवीन आलेल्या माणसाला कळत नाही की हसायचं की दु:ख व्यक्त करायचं. गेली काही वर्षं ओळखीच्यांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांची ही उत्तरं. मी पॅरामॅटा ईल्सचा पाठीराखा आहे हे आधीच सांगून टाकतो. १९८६ नंतर आम्ही विजेतेपद पाहिलेलं नाही, त्यामुळे पंचांबद्दल माझी मतं अगदी कोरी आहेत असं समजू नका.

हा खेळ नेमका कोणता? बॉम्बे जिमखान्यावर खेळतात तोच ना?

नाही. तो रग्बी युनियन, पंधरा जणांचा. हा रग्बी लीग, तेरा जणांचा. १८९५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. भांडण पैशाचंच होतं. शनिवारी खेळायला गेलेल्या खाण आणि गिरणी कामगारांचा बुडालेला रोज भरून द्यायचा की नाही, यावरून. तेव्हापासून हा कामगार वस्त्यांचा खेळ. इंग्लंडात यॉर्कशायर आणि लँकेशायर, ऑस्ट्रेलियात सिडनी आणि क्वीन्सलँड.

नियम दोन ओळींत: चेंडू असलेल्या संघाला सहा वेळा पाडेपर्यंत पुढे सरकायची संधी, सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्यांचा. चेंडू हातानं फक्त मागे द्यायचा, पायानं पुढे मारता येतो. रेषेपलीकडे टेकवला तर ट्राय, चार गुण. कबड्डी पाहिलेल्या माणसाला पकड लगेच कळते. श्वास कोंडून 'कबड्डी कबड्डी' तेवढं म्हणायचं नसतं.

पंचांवरून एवढी भांडणं याच खेळात का?

कारण पंचाला इथे सतत निर्णय द्यावा लागतो. क्रिकेटमध्ये अपील झालं की पंच बोट वर करतो किंवा करत नाही. रग्बी लीगमध्ये खेळाडू पाडला गेला की तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायानं मागे ढकलतो आणि खेळ पुढे सुरू होतो. याला 'प्ले-द-बॉल' म्हणतात. एका सामन्यात हे अडीचशे-तीनशे वेळा घडतं. दर वेळी पंचानं बघायचं: पाडणारा त्याच्या अंगावर जास्त वेळ लोळला का? त्याचा हात चेंडूवर होता का? बाकीचे बचावपटू दहा मीटर मागे गेले का? उठणाऱ्यानं चेंडूला पाय नीट लावला का?

खरं सांगायचं तर जवळजवळ प्रत्येक प्ले-द-बॉलमध्ये काहीतरी चुकीचं असतंच. सगळंच पकडलं तर सामना पुढे सरकणार नाही, म्हणून पंच निवडून पकडतो. आणि निवड आली की 'आमचंच का पकडलं?' हा प्रश्न आलाच. लहानपणी गल्लीत 'रडीचा डाव' म्हणून भांडायचो, त्यात आणि यात फरक एवढाच की इथे तीस हजार माणसं एकदम तेच ओरडतात.

'सिक्स अगेन' म्हणजे काय, आणि त्यावर लोक हूटिंग का करतात?

ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) स्पर्धेत २००९ पासून मैदानावर दोन पंच असत. कोविडमुळे थांबलेली स्पर्धा मे २०२० मध्ये परत सुरू झाली तेव्हा एक पंच कमी केला आणि नवा नियम आणला. पाडल्यावर बचाव करणाऱ्यानं वेळकाढूपणा केला तर शिट्टी वाजवून पेनल्टी द्यायची नाही, हात वर करून खूण करायची आणि टॅकलची, म्हणजे पाडण्याची, मोजणी शून्यापासून सुरू करायची. २०२१ मध्ये दहा मीटर मागे न गेल्याचा गुन्हाही यात घातला. संघ मुद्दाम गुन्हे करायला लागले, तेव्हा २०२२ मध्ये चेंडूवाल्या संघाच्या स्वतःच्या चाळीस मीटरमध्ये पुन्हा पेनल्टी आणली.

खेळ वेगवान झाला हे कबूल. पण पेनल्टीला निदान खेळ थांबायचा, कर्णधार विचारायचा, पंच सांगायचा. सिक्स अगेनमध्ये पंचाचा हात हलतो आणि खेळ पुढे गेलेला असतो. काय चुकलं, कुणाचं चुकलं, प्रेक्षकाला कळतच नाही. कारण न सांगता दिलेली शिक्षा कुणालाही झोंबते. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत पंचांवरचा विश्वास कमी करणारा हाच सगळ्यात मोठा बदल आहे, व्हिडिओवर निर्णय तपासणारा बंकर नव्हे.

२०१९ च्या अंतिम सामन्यात काय झालं होतं? अजूनही लोक तेच काढतात.

काढणारच. ६ ऑक्टोबर २०१९, सिडनी रूस्टर्स विरुद्ध कॅनबेरा रेडर्स. कॅनबेरा १९९४ नंतर पहिल्यांदा अंतिम फेरीत आलेलं. गुण ८-८. आठ-नऊ मिनिटं उरलेली, कॅनबेरा रूस्टर्सच्या रेषेजवळ, शेवटचा टॅकल. उंच मारलेल्या चेंडूवर झटापट झाली आणि चेंडू परत कॅनबेराच्या हाती आला. मुख्य पंच बेन कमिन्स यांना वाटलं, रूस्टर्सच्या खेळाडूचा हात लागला. त्यांनी हात वर करून सहा नवे टॅकल दिले. मग कानातल्या यंत्रावर सहकाऱ्यांनी सांगितलं, हात लागलेला नाही. त्यांनी निर्णय फिरवला आणि 'शेवटचा' असं ओरडले. पण हात वर झालेला जॅक वाइटननं पाहिला होता. आता सहा टॅकल मिळाले म्हणून त्यानं किक मारली नाही, निवांत पाडून घेतलं. चेंडू रूस्टर्सला. पुढच्याच धावेत जेम्स टेडेस्कोनं ट्राय केला. १४-८. संपलं.

यातली मेख अशी की अखेरचा निर्णय नियमाप्रमाणे बरोबर होता. चेंडू रूस्टर्सला लागलेला नव्हताच. चूक झाली ती पहिल्या खुणेत, आणि खूण मागे घेताना ती खेळाडूपर्यंत पोचली नाही. म्हणून हा वाद मिटत नाही. 'पंच चुकला' म्हणावं तर उत्तर येतं, 'नाही, बरोबर ठरला.' 'पंच बरोबर' म्हणावं तर कॅनबेराचा माणूस त्या वर झालेल्या हाताचा फोटो दाखवतो. त्याच सामन्यात सुरुवातीला कॅनबेरानं अडवलेली किक रूस्टर्सच्या ट्रेनरच्या अंगावर आपटली आणि चेंडू रूस्टर्सलाच मिळाला, तेही हिशोबात धरतात. वाइटनला हरलेल्या संघात असूनही सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक मिळालं. कॅनबेराच्या लोकांना ते सांत्वन कमी आणि मीठ जास्त वाटतं.

बंकर आल्यावर तरी भांडणं मिटायला हवी होती ना?

बंकर म्हणजे सिडनीतली एक खोली, जिथे सगळ्या मैदानांवरचे कॅमेरे एकत्र दिसतात आणि पंच बसून निर्णय तपासतात. एनआरएलमध्ये २०१६ साली आला. त्याआधीही व्हिडिओ रेफरी होता, प्रत्येक मैदानावर वेगळा.

डीआरएस आल्यावर क्रिकेटमधली भांडणं मिटली का? 'अंपायर्स कॉल' नावाचं नवं भांडण मिळालं. इथेही तसंच. मैदानावरचा पंच आधी 'ट्राय' किंवा 'नो ट्राय' सांगतो, आणि तो निर्णय फिरवायला बंकरला पुरेसा पुरावा लागतो. पुरेसा म्हणजे किती? तिथेच सगळं अडतं. शिवाय संथ गतीत प्रत्येक गोष्ट मुद्दाम केल्यासारखी दिसते. चेंडूवरून बोट निसटायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाच वेळ लागतो. तेच आठ वेळा हळूहळू दाखवलं की खेळाडूनं विचारपूर्वक चेंडू सोडला असं वाटायला लागतं.

२०२० पासून कर्णधारालाही निर्णयाला आव्हान देता येतं. त्याचं टोक जुलै २०२२ मध्ये टाउन्सव्हिलला दिसलं. वेस्ट्स टायगर्स २६-२५ असे पुढे, घड्याळात सेकंद उरलेला. नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजनं आव्हान दिलं, चेंडूमागे धावणाऱ्या आपल्या माणसाची वाट अडवली म्हणून. बंकरनं मान्य केलं, व्हॅलेंटाइन होम्सनं पेनल्टी मारली, काउबॉइज २७-२६. नंतर लीगच्या फुटबॉल विभागाचे (इथे रग्बी लीगलाच फुटबॉल म्हणतात) प्रमुख ग्रॅहम ॲनस्ली यांनीच सांगितलं की ती पेनल्टी द्यायला नको होती. निकाल मात्र तसाच राहिला. टायगर्सच्या पाठीराख्याला हे ऐकून काय वाटलं असेल ते त्यालाच विचारा, पण थोडं लांब उभं राहून.

फॉरवर्ड पास बंकर का बघत नाही?

कारण कॅमेरा खोटं बोलतो. हा माझा आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

नियम म्हणतो, चेंडू हातातून पुढच्या दिशेनं सुटता कामा नये. आता समजा खेळाडू सेकंदाला सात मीटर वेगानं धावतोय आणि त्यानं चेंडू सेकंदाला दोन मीटर वेगानं मागे फेकला. चेंडू अर्धा सेकंद हवेत राहिला. जमिनीच्या हिशोबानं तो सेकंदाला पाच मीटर वेगानं पुढेच चालला आहे, म्हणजे जिथून सुटला तिथून अडीच मीटर पुढे झेलला जाईल. धावत्या लोकलमध्ये मित्राकडे मागे फेकलेली टोपी प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला पुढे जाताना दिसते, तसंच. पास अगदी कायदेशीर, आणि टीव्हीवर मैदानातल्या पांढऱ्या रेषांमुळे उघड उघड फॉरवर्ड.

त्यात कॅमेरा बरोबर रेषेत नसेल तर आणखी फसगत. म्हणून एनआरएलमध्ये हा निर्णय मैदानावरच्या पंचांकडेच ठेवला आहे. पण समालोचक रिप्ले लावतो, रेषा दाखवतो, 'दोन मीटर पुढे होता!' म्हणतो, आणि लाखभर घरांत पंच चोर ठरतो. त्या रेषेवर बोट ठेवणाऱ्या समालोचकांपैकी बरेच जण हा खेळ पंधरा-पंधरा वर्षं खेळलेले असतात. त्यांना हे माहीत नसतं असं मला वाटत नाही.

पंच विकले जातात का?

जुन्या लोकांना विचारलंत तर दोन नावं हमखास येतील.

एक, १९६३ चा अंतिम सामना. सेंट जॉर्जनं वेस्टर्न सबर्ब्सला ८-३ हरवलं. चिखलानं माखलेले नॉर्म प्रोव्हन आणि आर्थर समन्स एकमेकांना कवेत घेतानाचा फोटो याच सामन्याचा, आजच्या करंडकावरचा पुतळा त्याच फोटोवरून केलेला. पंच डार्सी लॉलर यांनी सेंट जॉर्जवर पैसे लावले होते असा आरोप वेस्ट्सच्या खेळाडूंनी आयुष्यभर केला. सिद्ध कधी झाला नाही. सेंट जॉर्ज तेव्हा सलग अकरा विजेतेपदांच्या मधोमध होते, त्यांना पंचाची गरज किती होती हाही प्रश्नच.

दुसरं, १९७८. हे आमचं. मॅन्ली आणि पॅरामॅटाची उपांत्य लढत बरोबरीत सुटली, फेरसामना झाला, आणि त्यात मॅन्लीचा एक ट्राय सातव्या टॅकलवर झाला. सहाच असतात. पंच ग्रेग हार्टली मोजायला चुकले. मॅन्ली १७-११ जिंकलं आणि पुढे विजेतंही झालं. माझ्या गल्लीतले एक आजोबा अजून हार्टली हे नाव घेताना आवाज खाली करतात, घरात मुलं आहेत म्हणून. बरं, हा प्रकार १९७८ मध्येच संपला नाही. २०१३ च्या बाद फेरीत क्रोनुलानं काउबॉइजला २०-१८ हरवलं, त्यातही एक ट्राय सातव्या टॅकलवरचा, आणि तेव्हा तर मैदानावर दोन पंच होते.

माझं मत विचाराल तर पंच चुकतो, विकला जात नाही. गर्दीच्या आवाजाचा थोडा परिणाम होतो. आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या, म्हणजे सॉकरच्या, चाळीस पंचांना एकाच सामन्याची चित्रफीत काहींना आवाजासकट आणि काहींना आवाजाशिवाय दाखवली, तेव्हा आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाचे फाउल कमी दिले, असा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. पण त्याला भ्रष्टाचार म्हणायचं, तर आपण मैदानात घसा फोडून ओरडतो ती लाच म्हणावी लागेल.

मग समालोचक? ते तरी पक्षपाती असतात की नाही?

असतात, आणि ते लपवायचा फारसा प्रयत्नही करत नाहीत. फिल गुल्डचंच बघा. न्यू साउथ वेल्सचा माजी प्रशिक्षक, आणि २०२१ पासून कँटरबरी बुलडॉग्ज क्लबच्या फुटबॉल विभागाचा प्रमुख. तोच माणूस चॅनेल नाईनवर समालोचन करतो. बिली स्लेटर क्वीन्सलँडचा प्रशिक्षक झाल्यावरही नाईनवर दिसत राहिला. आपल्याकडे रणजी संघाचा प्रशिक्षक त्याच स्पर्धेचं समालोचन करायला बसला तर वर्तमानपत्रं काय म्हणतील? इथे लोक खांदे उडवतात. खेळ छोटा, ओळखी जुन्या, सगळेच कुणाचे तरी.

पण मला जास्त खटकतो तो दुसरा प्रकार. संघाची बाजू घेणं नव्हे, गोष्टीची बाजू घेणं. सामना सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असतं की आज 'पेनरिथची घोडदौड' किंवा 'अमक्याचं पुनरागमन' दाखवायचं. मग त्या गोष्टीतल्या नायकाचा उंच, मानेवर गेलेला टॅकल 'जोशात गेला' होतो आणि दुसऱ्याचा 'बेजबाबदार'. आणि रिप्ले यायच्या आधीच समालोचकानं 'ओहो, चेंडू सुटला!' म्हटलं की तुम्हाला सुटलेलाच दिसतो. पहिला आवाज डोळ्यांना वाट दाखवतो.

सगळ्यांत तटस्थ कोण, असंही विचारतात. पीटर स्टर्लिंग. पॅरामॅटाच्या चारही विजेतेपदांत खेळलेला. हसू नका, मॅन्लीवाल्यांनाही विचारून बघा. २०२१ मध्ये तो बाजूला झाला तेव्हापासून मी आवाज कमी करून बघतो.

पण दोन्ही संघांचे लोक म्हणतात की समालोचन आपल्याच विरुद्ध होतं. हे कसं?

१९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक अतिशय धसमुसळा सामना झाला. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे जितके दिसले, त्याच्या दुप्पट प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. फिल्म तीच. पुढे बातम्यांवरही असाच अभ्यास झाला. लेबनॉनच्या युद्धाच्या एकाच वार्तांकनाला इस्रायलच्या आणि अरबांच्या बाजूच्या प्रेक्षकांनी, दोघांनीही, आपल्याविरुद्ध झुकलेलं ठरवलं.

म्हणून माझी एक सवय आहे. समालोचकावर चिडलो की दुसऱ्या दिवशी समोरच्या संघाच्या मित्राला विचारतो, काल समालोचन कसं होतं. तोही चिडलेला असला तर मी गप्प बसतो. तो खूश असला तर माझी तक्रार खरी.

इंग्लंडमध्येही असंच चालतं का?

तिथलं दुखणं निराळं. बीबीसीवर कित्येक वर्षं एडी वेअरिंग समालोचन करायचे. देशभर लोकप्रिय, गमत्ये, त्यांची नक्कल करणारे कितीतरी. पण उत्तरेकडच्या पाठीराख्यांना वाटे की दक्षिणेतल्या लोकांना हसवायला हा माणूस आमच्या खेळाची जत्रा करतोय. सत्तरच्या दशकात त्याविरुद्ध सह्यांची मोहीमही निघाली. तक्रार संघाच्या पक्षपाताची नव्हतीच, सगळ्या खेळालाच कमी लेखल्याची होती. ग्रामीण मराठी माणूस टीव्हीवर फक्त विनोदापुरता दाखवला की आपल्याला जे वाटतं, तेच.

दुसरी तक्रार व्हिडिओ रेफरीची. बरीच वर्षं तो फक्त टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांतच असे, म्हणजे एकाच स्पर्धेत दोन कायदे. २०२४ मध्ये सुपर लीगच्या, म्हणजे तिथल्या मुख्य स्पर्धेच्या, सगळ्या सामन्यांत आला.

स्टेट ऑफ ओरिजिनमध्ये पंच आणखी वाईट असतात का?

पंच तेच असतात, आपणच वाईट होतो. ही दोन राज्यांमधली मालिका, न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड, १९८० पासून. १९८८ मध्ये ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पंच मिक स्टोन यांनी क्वीन्सलँडचा लाडका कर्णधार वॉली लुईस याला तात्पुरतं बाहेर पाठवलं, तर प्रेक्षकांनी मैदानावर बियरच्या कॅनचा पाऊस पाडला. २०१२ मध्ये मेलबर्नला ग्रेग इंग्लिसच्या हातातून चेंडू सुटूनही ट्राय दिला गेला, कारण मध्ये न्यू साउथ वेल्सच्या रॉबी फॅरानं पाय घातला होता. सिडनीत अजून कुणीही ते मान्य करत नाही. क्वीन्सलँडचा युक्तिवाद असतो की समालोचन सिडनीतल्या लोकांच्या हातात आहे. २००६ ते २०१३ सलग आठ मालिका त्यांनीच जिंकल्या, तरीही असतो.

प्रशिक्षक पंचांवर बोलला तर?

दंड. कॅनबेराचे रिकी स्टुअर्ट यांनी तो अनेकदा भरलाय. २०२१ मध्ये रूस्टर्सचे ट्रेंट रॉबिन्सन यांना २०,००० डॉलर पडले. त्यांच्या जोई मानूच्या गालाचं हाड लॅट्रेल मिचेलच्या टॅकलमध्ये मोडलं होतं, आणि मिचेलला कायमचं न काढता दहा मिनिटांसाठीच बाहेर पाठवलं होतं.

मैदानात नेमकं काय ओरडायचं?

'गेट देम ऑनसाइड!', म्हणजे 'त्यांना मागे हटवा!' चेंडू आपल्याकडे असताना कधीही. दहा मीटर कुणीच पूर्ण मागे गेलेलं नसतं, त्यामुळे तुम्ही चुकणार नाही.

मुलगा अंडर-नाइन खेळतो. तिथे पंचाला काही बोललं तर चालतं का?

नाही. तिथला पंच बहुतेक वेळा पंधरा-सोळा वर्षांचा असतो, शनिवारी चार पैसे मिळवायला आलेला. माझ्या मुलाच्या एका सामन्यात एका बापानं (आपल्यातल्याच) अशा पोराला रडवलं होतं. नंतर त्यालाच लाइनवर झेंडा घेऊन उभं केलं. अर्ध्या तासात त्यानं तीन चुका केल्या आणि चहाला न थांबता घरी गेला.

टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावावा का?

जरूर. जुनी पद्धत आहे ही. ओरिजिनच्या रात्री कितीतरी घरांत टीव्ही मुका करून ट्रिपल जे स्टेशनवर रॉय आणि एचजी या जोडगोळीचं टवाळ समालोचन लावायचे. आता एबीसी लावता येतं, टूजीबी किंवा ट्रिपल एम आहे. एकच अडचण: टीव्ही इंटरनेटवरून बघत असाल तर चित्र मागे राहतं. रेडिओवर ट्राय झालेला असतो आणि पडद्यावर तुमचा माणूस अजून चेंडूची वाट बघत असतो. बायको म्हणते, त्या मधल्या पंधरा-वीस सेकंदांतच तुम्ही पंचांबद्दल सगळ्यात शहाण्यासारखं बोलता.